छपाईच्या वाटेने आलेली कीड

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. ती आठवावीत, त्यात काही वावगे नाही. पण त्याच काळातली आणखी एक गोष्ट या शहराच्या खाती जमा आहे, आणि ती सुरतेत जन्म काढलेल्या माणसांनाही सहसा ठाऊक नसते. भीमजी पारेख नावाचा सुरतेचा व्यापारी ईस्ट इंडिया कंपनीचा दलाल होता. त्याने कंपनीकडे मागणी केली, की विलायतेहून एक छापणारा माणूस पाठवा. आमच्या ब्राह्मणांच्या पोथ्या मला छापून घ्यायच्या आहेत. कंपनीने मागणी मान्य केली आणि १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा इसम यंत्र, टाइप आणि कागद घेऊन मुंबईला उतरला. त्याला छापता येत होते, पण इथल्या अक्षरांचे खिळे पाडता येत नव्हते. भीमजीने पैसा खर्च केला, खटपट केली, तरी बेत तडीस गेला नाही.

त्या काळी 'प्रिंटर' म्हणजे माणूस होता. एक यंत्र, एक माणूस, आणि त्याच्या हातून गेल्याशिवाय कागदावर काळी शाई उमटायची नाही. आज सुरतेच्या कोणत्याही कचेरीत जा. रिंगरोडवरच्या कापडबाजारात, पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये, वराछ्याच्या हिऱ्याच्या कारखान्यात, नाहीतर महापालिकेच्या विभाग कार्यालयात. कोपऱ्यात एक प्रिंटर असतो आणि दहा-पंधरा टेबलांवरून त्याला हुकूम सुटत असतात. तो सगळ्यांचा असतो, आणि म्हणूनच कुणाचाच नसतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संगणकातली कीड कचेऱ्यांत शिरली, तेव्हा ती पुष्कळदा याच सामाईक मालाच्या वाटेने शिरली. त्या वाटेचा इतिहास मला सांगायचा आहे. मी संगणकाचा पंडित नव्हे. एका कापडप्रक्रियेच्या कारखान्यात हिशेबखात्यात उमर काढलेला खानदेशी माणूस आहे. पण हिशेबनीसाला एक खोड असते. एखादी नोंद जुळली नाही, तर ती पहिल्यांदा कुठल्या पानावर आली हे शोधल्याशिवाय त्याला झोप येत नाही.

पहिले पान सापडते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी. तिथे झेरॉक्स कंपनीची एक संशोधनशाळा होती. आपल्याकडे झेरॉक्स म्हणजे चौकातली प्रत काढण्याची टपरी, पण त्या शाळेत भलतेच काही चालले होते. गॅरी स्टार्कवेदर याने १९७१ मध्ये तिथे लेझर प्रिंटर उभा करून दाखवला. सेकंदाला एक पान निघेल अशी चाल ठेवली होती. यंत्र महाग, जागा व्यापणारे. प्रत्येक टेबलावर एक ठेवणे अशक्यच. मग सगळ्या संगणकांतून एकाच प्रिंटरकडे मजकूर पोचवायचा कसा? हे काम रॉबर्ट मेटकाफ याच्याकडे आले. त्याने २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिले आणि त्यातून 'ईथरनेट' नावाचे जाळे निघाले. आज जगातल्या बहुतेक कचेऱ्यांत भिंतीतून जी निळी-करडी वायर फिरते, ती याच घराण्यातली. म्हणजे कचेरीचे जाळे विणण्यामागे एक मोठे कारण प्रिंटर वाटून घेण्याचे होते.

आणि कीडही त्याच घरात जन्मली. जॉन शॉक आणि जॉन हप या तिथल्याच दोघांनी शंभरेक संगणकांच्या त्या जाळ्यावर एक प्रयोग मांडला. रात्री यंत्रे रिकामी पडून असतात, तेव्हा एखादा प्रोग्रॅम आपण होऊन एका यंत्रातून दुसऱ्यात सरकत जावा आणि पडीक यंत्रांकडून काम करून घ्यावे, असा विचार. हेतू चांगला होता. नाव त्यांनी 'वर्म' असे दिले. जॉन ब्रनर या लेखकाच्या १९७५ च्या कादंबरीत अशा जंताची कल्पना आली होती, तिथून ते उचलले. एके रात्री त्यांनी असा एक लहानसा जंत सोडून ठेवला आणि घरी गेले. सकाळी येऊन पाहतात तो कितीतरी यंत्रे निपचित पडलेली. चालू करावे तर जंत पुन्हा त्यांत शिरून त्यांना पाडतो. अखेर त्यांनी आधीच करून ठेवलेला उतारा सगळ्या जाळ्यात सोडला, तेव्हा कुठे तो थांबला. १९८२ मध्ये त्यांनी हे सारे प्रांजळपणे लिहून छापले. प्रिंटर, जाळे आणि कीड, तिघे एकाच छपराखालचे. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे.

इथे विषाणू आणि कीड यांतला फरक सांगून ठेवतो, कारण बोलताना आपण दोघांनाही 'वायरस घुसला' असेच म्हणतो. विषाणूला वाहन लागते. फ्लॉपी म्हणा, फाईल म्हणा, ती कुणीतरी उघडावी लागते. कीड स्वतःच्या पायांनी चालते. दार उघडे दिसले की आत. आपल्याकडे आधी आला तो विषाणूच. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीवरून जगभर फिरला. १९९० मध्ये भारतात एक विषाणू सापडला, त्याचे नाव 'जोशी'! दर ५ जानेवारीला तो यंत्र अडवून धरायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही. पण आपल्या विषयाशी लागू पडणारा तो त्याच्याही आधीचा. १९८९ च्या नोव्हेंबरात मुंबईत पकडला गेलेला. त्या वेळच्या विषाणूंच्या सूचीत त्याला भारतात जन्मलेला पहिला म्हटले आहे, आणि नाव दिले आहे 'प्रिंट स्क्रीन'. तबकडीवर २५५ वेळा वाचन-लेखन झाले, की तो पडद्यावर असेल ते प्रिंटरकडे रवाना करायचा. आपल्या देशाच्या पहिल्या विषाणूला प्रिंटरचीच ओढ असावी, हा योगायोग खरा, पण मजेदार.

पुण्यात कैलास आणि संजय काटकर हे सातारा जिल्ह्यातले भाऊ याच काळात पुढे आले. थोरला कॅलक्युलेटर-रेडिओ दुरुस्त करणारा, धाकटा संगणक शिकलेला. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत विषाणू सापडू लागले तेव्हा धाकट्याने उतारे लिहिले आणि १९९० च्या दशकात त्यातून 'क्विक हील' उभे राहिले. सुरतेच्या बाजारातल्या पुष्कळ यंत्रांवर मी ते नाव पाहिले आहे.

त्या दशकातली सुरतेची कचेरी कशी होती? आमच्याकडे दोन संगणक आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता. कर्रकर्र आवाज करीत तो भोके पाडलेल्या लांब कागदावर बिले काढायचा. दोन यंत्रांना एक प्रिंटर पुरवायला मधे लोखंडी डबी असे, तिला खटका. खटका 'अ' कडे फिरवला की माझे बिल, 'ब' कडे फिरवला की डिस्पॅचवाल्याचे चलन. एका वेळी एकच. भांडणे व्हायची, पण त्या खटक्याने कधी रोग वाहिला नाही.

याच दशकात सुरतेने खऱ्या रोगाची गोष्ट पाहिली. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. आपल्यापैकी कित्येकांची घरे तेव्हा नंदुरबार-धुळ्याच्या गाड्यांनी रिकामी झाली होती. हा विषय इथे उगाच ओढून आणलेला नाही. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले आणि दोन-अडीच वर्षांत देशातल्या घाणेरड्या शहरांत गणलेली सुरत स्वच्छ शहरांत मोजली जाऊ लागली. त्यांनी काही नवे औषध आणले नव्हते. शहराच्या सहा विभागांना खर्चाचे आणि निर्णयाचे अधिकार दिले. वरिष्ठ अधिकाऱ्यांना रोज सकाळी थंड खोल्यांतून उठवून गल्लीत उभे केले. 'एसी टू डीसी' असे त्याचे नावच पडले होते, म्हणजे एअर कंडिशनमधून डेली चोअर्सकडे. आणि ज्या गटाराला आजवर कुणी वाली नव्हता, त्याला एका माणसाचे नाव लावले. सफाई कामगारांची मेहनत त्यात किती होती हे मी लिंबायतला राहून पाहिले आहे, आणि तिची नोंद कमी झाली असे माझे मत आहे. ते असो.

शतक पालटले तेव्हा आमच्या कचेरीत सात संगणक झाले, खटक्याची डबी भंगारात गेली आणि जाळे आले. विंडोज ९८ मध्ये एक छोटी चौकट होती, तिच्यात दोन खुणा. पहिली, माझ्या फाईली इतरांना पाहू देत. दुसरी, माझ्या प्रिंटरवर इतरांना छापू देत. दोन्ही खुणा शेजारी-शेजारी, आणि जोडणारा माणूस दोन्हींवर टिचकी मारून मोकळा. प्रिंटर वाटायला म्हणून दार उघडले, आणि त्याच दाराने कपाटेही उघडी पडली. परवलीचा शब्द ठेवला तर रोज विचारत बसावे लागेल म्हणून तोही नाही. अशी व्यवस्था तेव्हा एका आमच्या कचेरीत होती असे नाही. बाजारात जिथे जाल तिथे हेच.

१८ सप्टेंबर २००१ ला 'निम्डा' निघाली. ती अशा उघड्या कपाटांतून शिरणारी होती. पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर 'बगबेअर' आली आणि जून २००३ मध्ये तिची सुधारलेली भावंडे. त्या जूनमधला एक दिवस आमच्या कचेरीत सगळ्यांच्या लक्षात राहिला आहे. दुपारी प्रिंटर आपण होऊन सुरू झाला. पानावर एक-दोन ओळी चित्रविचित्र खुणा, पान बाहेर, पुन्हा पान. शेठ केबिनमधून आले. म्हणाले, "भाऊ, आ प्रिन्टरने भूत वळग्युं छे के शुं?" आमचा शिपाई साक्रीकडचा. त्याने रिकामी ट्रे दाखवली, "नाना, कागद सरनात!" नवी रीम घातली तर तीही गेली. दुरुस्तीवाला आला, त्याने टोनर बदलला, केबल बदलली, बिल लावले आणि गेला. प्रिंटर छापतच होता.

मी ती पाने गोळा केली, सवयीने. पहिल्या पानाच्या डोक्यावर इंग्रजी एम आणि झेड ही दोन अक्षरे होती आणि पुढे त्या गिचमिडीत एकच शहाणी ओळ. हा प्रोग्रॅम डॉसमध्ये चालणार नाही, अशा अर्थाची. ही दोन अक्षरे मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या कारागिराच्या नावाची आद्याक्षरे आहेत आणि विंडोजच्या प्रत्येक चालत्या प्रोग्रॅमच्या आरंभी ती असतात, हे मला पुढे समजले. प्रिंटर जे छापत होता ते खुद्द त्या किडीचेच शरीर होते.

असे का घडत होते, ते ऐकण्यासारखे आहे. बगबेअर जाळ्यावर जे जे सामाईक दिसेल त्याची यादी करी आणि प्रत्येक ठिकाणी आपली प्रत ठेवू पाही. समोर आहे ते कपाट की प्रिंटर, एवढे पाहण्याची अक्कल तिच्या कर्त्याने तिला दिली नव्हती. कपाटात प्रत गुपचूप बसे. प्रिंटर बिचारा, आले ते छापणार! खरा धंदा वेगळाच चालला होता. ती कळफलकावर टंकलेले शब्द टिपून ठेवी, यंत्रावरचे रक्षक प्रोग्रॅम बंद पाडी, आणि २००३ च्या आवृत्तीत तर हजारावर बँकांच्या नावांची यादीच होती. ज्या सहा यंत्रांत ती बसली होती, त्यांतल्या एकानेही हूं की चूं केले नाही. बोलला तो प्रिंटर, आणि टोनरचा भुर्दंड बसला तोही त्याच्याच खाती.

निवारण कसे झाले, ते तपशिलाने सांगतो. सुरुवातीला एक-एक यंत्र साफ करीत गेले. पहिले साफ करून दुसऱ्याकडे वळावे, तोवर दुसऱ्यातली कीड पहिल्यात परत. दोन दिवस हाच खेळ. मग मजुरा गेटकडचा एक तरुण मुलगा आला. त्याने आधी मधल्या डबीतून सातही वायरी उपटल्या. प्रत्येक यंत्र सुटे, जाळ्याशिवाय, सीडीवरच्या उताऱ्याने साफ केले. कपाटांची सामाईकी काढून टाकली, प्रिंटरची ठेवली, तिला शब्द लावला. प्रिंटरच्या रांगेत अडकलेली कामे पुसली. सातही झाल्यावरच वायरी परत लावल्या. शेठने विचारले, हे रोज कोण पाहणार? मुलगा म्हणाला, "कोई एकनुं नाम लखो, काका." डिस्पॅचच्या एका पोराचे नाव भिंतीवर लागले. मला त्या क्षणी गल्लीतले ते वाली मिळालेले गटार आठवले.

जगात याच वाटेने पुढे कितीतरी मोठे प्रकार झाले. २३ ऑक्टोबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टने एक ठिगळ काढले. फाईली आणि प्रिंटर वाटून देणाऱ्या सेवेतच भोक सापडले होते. ज्यांनी ते लावले नाही त्यांच्याकडे नोव्हेंबरपासून 'कॉन्फिकर' शिरली आणि लाखो यंत्रे तिच्या ताब्यात गेली. २०१० मध्ये 'स्टक्सनेट' उघडकीस आली. इराणच्या अणुकेंद्रासाठी घडवलेली ही कीड ज्या वाटांनी पसरत होती, त्यांतली एक छपाईची होती. सामाईक प्रिंटर असलेल्या यंत्राला छापण्याचा हुकूम द्यायचा आणि त्या मिषाने आपली फाईल थेट यंत्राच्या गाभाऱ्यात लिहवून घ्यायची. लागण झालेल्या देशांत इराण, इंडोनेशिया यांच्या खालोखाल भारताचे नाव होते. २०१२ च्या जूनमध्ये 'मिलिसेन्सो' नावाच्या प्रकाराने पुन्हा कचेऱ्यांतले प्रिंटर कागद संपेपर्यंत बरळू लागले. अमेरिका आणि भारत हे त्यात सर्वाधिक पोळलेल्या देशांत होते. हा प्रकार कीड नव्हता, चोरवाटेने आलेला प्रोग्रॅम होता, पण कचेरीतले दृश्य तेच.

ज्या खात्यातून हे चालते त्याला 'स्पूलर' म्हणतात. सुरतेच्या लूमवाल्याला स्पूल म्हणजे काय ते समजवावे लागत नाही. सूत गुंडाळून ठेवायचे, यंत्र मागेल तसे सोडायचे. छपाईचेही तसेच. दहा जणांचे हुकूम गुंडाळून ठेवून प्रिंटरला एकेक सोडायचे. फरक इतकाच, की विंडोजमध्ये या बॉबिन भरणाऱ्याच्या हाती मालकाच्या किल्ल्या दिलेल्या असतात. त्याला फसवले की सगळे घर हाती.

१२ मे २०१७ ची 'वॉनाक्राय' बहुतेकांना आठवत असेल. फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारी. दार पुन्हा तेच होते, फाईल आणि प्रिंटर वाटून देणारी जुनी रीत. ठिगळ १४ मार्चलाच निघाले होते. दोन महिने पडून राहिले. आणि विंडोज एक्सपीसारख्या निवृत्त झालेल्या यंत्रांना ते मिळाले हल्ला झाल्यावर. गुजरात सरकारच्या 'जी-स्वान' या राज्यव्यापी जाळ्यावरचे सुमारे १२० संगणक बाधित झाल्याच्या बातम्या त्या आठवड्यात आल्या. आकडा मोठा नाही असे कुणी म्हणेल. पण या जाळ्याच्या टोकाला असलेल्या खिडकीवर जो उभा असतो, तो परगावाहून आलेला, एक दिवसाची हजेरी बुडवून जातीचा दाखला नाहीतर सातबारा घ्यायला आलेला माणूस असतो. उधना-लिंबायतच्या आपल्या लोकांना ही रांग चांगली परिचयाची आहे. 'सिस्टिम बंद छे' ही पाटी लागली की त्याची एक दिवसाची मजुरी जाते, ती कुठल्या बातमीत मोजली जात नाही. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, 'नॉटपेट्या'ने न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले आणि कंटेनर रस्त्यांवर उभे राहिले.

२०२१ च्या जुलैत याच स्पूलरने पुन्हा जगाची झोप उडवली. त्या दोषाला नावही 'प्रिंट-नाइटमेअर' असे पडले. ठिगळ निघेपर्यंत सल्ला एकच होता: ज्या यंत्राने छापायचे नाही त्याच्यावरचा स्पूलर बंद करा. विंडोजमध्ये तो न विचारता चालू असतो, मोठ्या सर्व्हरवरसुद्धा, जिथून कुणी कधी एक पान काढलेले नसते. मी तोवर निवृत्त झालो होतो. माझा भाचा सचिनच्या एका कारखान्यात यंत्रे सांभाळतो, तो त्या रात्री उशिरा घरी आला. जेवताना म्हणाला, "मामा, मुख्य सर्व्हरवरचा स्पूलर बंद करून टाकला. प्रिंटरची वायर हिशेबाच्या जाळ्यातून काढून वेगळ्या डबीत घातली. आणि त्याला कंपनीने दिलेला मूळचा पासवर्ड अजून तसाच होता, तो बदलला."

मी विचारले, "मग पगाराच्या चिठ्ठ्या?"

"निघाल्या ना. एकच जुना संगणक छपाईला ठेवलाय, त्याच्यात दुसरे काही नाही. त्याच्यावर चिठ्ठी चिकटवलीय, मराठी, गुजराती आणि हिंदीत, की पेन ड्राइव्ह लावू नये. उडिया कारागिरांसाठी त्यांच्यातल्याच एकाकडून उडियातही लिहून घेतोय उद्या."